घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

झोपेत घशाची वाट वारंवार मिटते आणि श्वास अडतो, या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रौढांमध्ये तो किती जणांना असतो याची शास्त्रीय मोजणी तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि हा विरळा आजार नाही एवढे तिने निर्विवाद सिद्ध केले आहे. तरीही घरोघरी आणि कित्येक दवाखान्यांतही एक समज घट्ट रुतून बसला आहे. घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो. त्यातून काही दुखणे निघालेच, तर ते पोट सुटलेल्या, उतारवयातल्या पुरुषांचे. बायकांचा त्याच्याशी संबंध नाही, सडपातळ माणसाने काळजी करण्याचे कारण नाही, आणि कोट्यवधी रुग्णांचे आकडे ही यंत्रे विकणाऱ्यांची हाकाटी आहे. हा समज निरुपद्रवी असता तर त्याच्याशी भांडण्याचे कारण नव्हते. तो उपद्रवी आहे. ज्यांची तपासणी आधी व्हायला हवी, नेमके तेच लोक त्याच्यामुळे बाहेर राहतात.

घोरण्यापासूनच सुरुवात करावी. मध्यरात्री अशा माणसाशेजारी जागे राहून ऐकले, तर घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकाएकी तुटतो. खोली शांत होते. पण छाती आणि पोट हलतच असतात. छाती आत ओढली जाते तेव्हा पोट वर येते, जणू दोघांची दिशा चुकली आहे. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी चाळीसही. मग घशातून मोठा घुरका येतो, अंगाला हिसका बसतो, श्वास सुटतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. शेजारी झोपलेली बायको ‘अहो, कुशीवर वळा’ म्हणून हलवते. तो वळतो, थोडा वेळ बरे जाते, पाठीवर आला की पुन्हा तेच. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. ‘मला तर डाराडूर झोप लागली होती,’ असे तो मनापासून सांगतो आणि नाश्ता होताच पेपर वाचताना पेंगतो.

त्या चाळीस सेकंदांत काय घडते ते नीट समजून घ्यायला हवे. जिभेमागच्या घशाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी तिथले स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैलावतात. वाट आधीच अरुंद असेल तर श्वास ओढताना निर्माण होणाऱ्या दाबाने ती आत खेचली जाते, ओली झालेली कागदी नळी जोराने ओढल्यावर चपटी होते तशी. हवा थोडीच जात असेल तर घोरणे. अजिबात जात नसेल तर शांतता. म्हणजे घोरण्यापेक्षा त्यानंतरची शांतता अधिक गंभीर. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू काही क्षणांसाठी जागा होऊन घशाचे स्नायू आवळतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात, आणि झोप पुन्हा पहिल्या पायरीवर येते. किमान दहा सेकंदांचा असा अडथळा मोजणीत धरतात. श्वास पूर्ण थांबणे आणि लक्षणीय उथळ होणे यांची तासाला किती वेळा नोंद झाली, तो आकडा म्हणजे एएचआय. तो ५ ते १५ असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तासाला तीस या हिशेबाने सात तासांच्या झोपेत हा झगडा दोनशेहून अधिक वेळा होतो. रात्रीत दोनशे वेळा श्वासासाठी जागा होणारा माणूस गाढ झोपला होता, असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

प्रत्येक घोरणाऱ्याला स्लीप अ‍ॅप्निया असतो असे नाही, ही गोष्ट खरी. पण तिच्यातून घोरणे दुर्लक्षून चालेल असा निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो, तरी दोन आठवडे टिकलेला खोकला तपासतातच.

आता आकड्यांचा आक्षेप. तो सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो. वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळी टक्केवारी येते, तेव्हा सगळेच फुगवलेले असणार, असा हा युक्तिवाद. टक्केवारी बदलते हे खरे आहे, आणि ती का बदलते हेही पूर्ण माहीत आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० ते ६० वयोगटातील २४ टक्के पुरुष आणि ९ टक्के स्त्रिया यांचा एएचआय ५ किंवा अधिक निघाला. पण त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोप येण्याचे लक्षणही हवे, अशी कडक अट लावल्यावर पुरुषांत ४ आणि स्त्रियांत २ टक्के उरले. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० वर्षांवरील लोकसंख्या घेतली होती आणि नोंदणीचे तंत्र अधिक संवेदनशील होते. तिथे जवळपास निम्म्या पुरुषांत आणि २३ टक्के स्त्रियांत मध्यम किंवा तीव्र पातळीचा एएचआय सापडला. वय वेगळे, उपकरण वेगळे, व्याख्या वेगळी, म्हणून आकडा वेगळा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’ या नियतकालिकाने छापलेला जागतिक अंदाज ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३.६ कोटी प्रौढांचा होता, त्यांपैकी सुमारे ४२.५ कोटी मध्यम किंवा तीव्र गटातले. या अंदाजामागे श्वासयंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हेही लपवण्याचे कारण नाही. लोझानच्या निम्म्या पुरुषांना उद्या उपचार सुरू करा, असे कोणीही जाणकार म्हणत नाही. लक्षणे नसलेला सौम्य एएचआय म्हणजे आजारच, हे मत सरसकट मान्य नाही.

एवढे मान्य करूनही आक्षेप टिकतो का? त्यासाठी जागतिक अंदाज बाजूला ठेवून मुंबईचा आकडा पाहावा. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले पुरुष ३५ ते ६५ वयाचे, झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हे तर नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले, म्हणजे स्वतःला निरोगी समजणारे. ६५८ जणांनी प्रश्नावली भरली, त्यांतल्या २५० जणांची रात्रभराची तपासणी त्यांच्या घरी झाली. १९.५ टक्क्यांमध्ये एएचआय ५ च्या वर निघाला. दिवसाच्या झोपाळूपणाची कडक अट लावल्यावरही ७.५ टक्के उरले. विस्कॉन्सिनच्या पुरुषांत याच अटीने ४ टक्के होते. वयोगट थोडा निराळा आहे हे लक्षात घेऊनही, ‘हे अमेरिकन खाण्याचे दुखणे’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. दिल्ली परिसरात नंतर झालेल्या अभ्यासांत, स्त्री-पुरुष दोघांना धरून, लक्षणांसह विकार सुमारे ३ ते ४ टक्क्यांमध्ये आढळला. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी भारतातील उपलब्ध अभ्यास एकत्र करून प्रौढांतील प्रमाण सुमारे ११ टक्के काढले: पुरुषांत १३, स्त्रियांत ५. कामकरी वयाच्या लोकसंख्येवर ते लावले की दहा कोटींच्या पुढे संख्या जाते. कोणाला हा आकडा मोठा वाटत असेल तर त्याने तो निम्मा करावा. पाच कोटी माणसांचा आजार विरळा ठरतो का? शंभरात तीन ही सर्वांत कंजूष मोजणी धरली तरी दोनशे बिऱ्हाडांच्या सोसायटीत असे बारा-पंधरा प्रौढ निघतील.

फुगवटा असेलच तर तो उलट दिशेला आहे. विस्कॉन्सिनच्याच गटातून १९९७ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला: मध्यम ते तीव्र विकार असलेल्या ८२ टक्के पुरुषांचे आणि ९३ टक्के स्त्रियांचे निदानच झालेले नव्हते. जिथे दवाखाने आणि विमा हाताशी होते, तिथली ही स्थिती. निदान न झालेला रुग्ण कोणत्याही नोंदवहीत येत नाही आणि मग ‘आमच्याकडे असे पेशंट फारसे येत नाहीत’ हे वाक्य पुरावा म्हणून पुढे केले जाते.

जाड माणसांचा आजार, हा समजाचा पुढचा खांब. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे वयाच्या ६९ व्या वर्षी मुंबईत निधन झाले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव घेतले, तेव्हा मराठी घरांत पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यातून ‘वजन जास्त असणाऱ्यांचे काहीतरी’ एवढाच बोध घेतला गेला. वजन हे या विकाराचे सर्वांत बलवान कारण आहे, यात वाद नाही. गळ्याभोवती आणि जिभेत साठलेली चरबी वाट अरुंद करते, पोटाची चरबी फुप्फुसांना खालून दाबते. विस्कॉन्सिनमध्ये दहा टक्के वजन वाढलेल्यांत एएचआय सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला आणि दहा टक्के घटलेल्यांत २६ टक्क्यांनी उतरला. पण सर्वांत बलवान कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे. जबड्याची ठेवण हे दुसरे कारण. खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल, टाळू अरुंद असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर जिभेला मागे जागाच उरत नाही. आशियाई लोकांत चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे तेवढ्याच तीव्रतेचा विकार कमी वजनावरही होतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून सडपातळ, आखूड हनुवटीचा, कॉलेजपासून घोरण्यासाठी मित्रांत प्रसिद्ध असलेला चाळिशीतला माणूस हा या आजाराचा अगदी खरा उमेदवार असतो, आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

शिवाय ‘जाड’ कोणाला म्हणायचे? भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला २५ चा आकडा ६४ किलोवर गाठता येतो. चाळिशीतली असे वजन असलेली व्यक्ती नातेवाइकांत ‘चांगली खात्यापित्या घरची’ म्हटली जाते, जाड म्हटली जात नाही. भारतीय शरीरात हातपाय बारीक आणि चरबी पोटावर व गळ्यावर, ही ठेवण फार आढळते. त्यामुळे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप उपयोगाची: पुरुषाचा गळा ४३ सेंटिमीटरच्या आणि बाईचा ४० च्या पुढे गेला, तर धोका वाढलेला समजतात. शर्टाचे सर्वांत वरचे बटण लागेनासे झाले आणि बाकी शर्ट अजून बसतो आहे, ही खूण घरच्या घरी दिसणारी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा समज अन्यायकारक आहे आणि त्याचा अन्याय मोजूनही दाखवता येतो. झोपेच्या दवाखान्यांत एकेकाळी आठ-नऊ पुरुषांमागे एक बाई रुग्ण म्हणून दिसे. समाजात जाऊन सरसकट मोजणी केली तेव्हा हे प्रमाण दोन-तीन पुरुषांमागे एक बाई असे निघाले. मधल्या स्त्रिया कुठे गेल्या? त्या दवाखान्यात गेल्या होत्या, पण वेगळ्या तक्रारी घेऊन. रात्री सारखी जाग येते, सकाळी डोके दुखते, अंगात त्राण नसते, चिडचिड होते, उदास वाटते. त्यांना कोणी रक्त वाढवायच्या गोळ्या दिल्या, कोणी झोपेच्या, कोणी ‘या वयात होतेच’ म्हणून परत पाठवले. घोरण्याची गोष्ट बाई स्वतःहून सांगत नाही, कारण बाईने घोरणे हे आपल्याकडे लाजेचे मानले जाते. आणि नवऱ्याला विचारावे तर तो आधीच झोपलेला असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्री-संप्रेरकांचे संरक्षण ओसरते. पेनसिल्व्हेनियातील २००१ च्या अभ्यासात पाळी चालू असलेल्या स्त्रियांत लक्षणांसह विकार ०.६ टक्के होता. पाळी गेलेल्या आणि संप्रेरके न घेणाऱ्या स्त्रियांत २.७ टक्के. म्हणजे चौपटीहून जास्त, आणि पुरुषांच्या ३.९ टक्क्यांपासून फार दूर नाही. गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि पीसीओएस याही धोक्याच्याच अवस्था आहेत.

धोका हेरण्याची साधनेसुद्धा याच साच्यात घडलेली आहेत. टोरांटोमध्ये शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांसाठी तयार झालेली, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी आज जगभर वापरतात. घोरणे, थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर, पुरुष असणे. यादी उपयुक्त आहे आणि तिने पुष्कळांचे निदान लवकर केले आहे. पण पंचावन्न वर्षांची, विधवा, एकटी झोपणारी, ६९ किलो वजनाची बाई तिच्यासमोर उभी करून पाहावी. पुरुष नाही, एक गुण गेला. १६० सेंटिमीटर उंचीवर बीएमआय ३५ होण्यासाठी जवळपास ९० किलो वजन लागते, दुसरा गुण गेला. घोरते का आणि श्वास थांबतो का, हे सांगणारे घरात कोणी नाही. आठांतले चार प्रश्न तिच्या बाजूने बोलूच शकत नाहीत. तिला आजार नाही असे यादी सांगत नाही; पण यादी वाचणारा घाईत तसे समजतो.

वयाचा मुद्दा थोडक्यात. वय वाढते तसे घशाचे स्नायू सैल पडतात आणि प्रमाण वाढते, हे खरे. वयाबरोबर मोतीबिंदूही वाढतो, म्हणून त्याची शस्त्रक्रिया कोणी टाळत नाही. शिवाय तिशी-पस्तिशीतले रुग्ण थोडे नाहीत. थायरॉइड मंदावलेले, नाक कायम चोंदलेले, आई-वडिलांपैकी कोणाला हा विकार असलेले, सिगारेट ओढणारे, रात्री दारू घेणारे, काही झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गातली वेदनाशामके घेणारे, हे सगळे कोणत्याही वयात धोक्याच्या यादीत येतात. झोप लागत नाही म्हणून दोन पेग घेणारा माणूस घशाचे सैलावलेले स्नायू आणखी सैल करत असतो.

सर्वांत दुर्लक्षित गट मात्र वेगळाच आहे, आणि तो रोज डॉक्टरांसमोर बसलेला असतो. उच्च रक्तदाबाचा रुग्ण. स्लीप अ‍ॅप्नियाच्या साधारण निम्म्या रुग्णांना रक्तदाब असतो. तीन-तीन गोळ्या चालू असूनही ज्यांचा दाब खाली येत नाही अशांमध्ये तर बहुसंख्यांत हा विकार सापडतो. हृदयाची लय बिघडलेले, पक्षाघात होऊन गेलेले, टाइप-२ मधुमेहाचे रुग्ण यांच्यातही प्रमाण चढेच असते. मुंबईच्या अभ्यासात बीएमआय आणि गळ्याच्या घेराबरोबर मधुमेह हा विकाराशी जोडलेला ठळक घटक ठरला होता. अशा माणसाचे मीठ कमी होते, चौथी गोळी सुरू होते, साखर दर तीन महिन्यांनी तपासली जाते. ‘झोपेत श्वास अडतो का?’ हा फुकटचा प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

मग शेवटचा बचाव येतो: निदान झाले तरी तोंडावर मुखवटा बांधून कोण झोपणार, आणि त्याने आयुष्य वाढते हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेले सीपॅप यंत्र दाबाखाली हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील चाचणीत या यंत्रामुळे पुढचे हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही, हे खरे आहे. त्याच चाचणीत रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते, हेही तितकेच खरे. आणि दिवसाची झोप, मरगळ, मनःस्थिती यांत सुधारणा तिथेही स्पष्ट झाली. गाडी चालवताना डोळा लागणाऱ्या माणसाला ही सुधारणा किरकोळ आहे का? अनेक अभ्यासांत या रुग्णांचे रस्त्यावरचे अपघात इतरांपेक्षा जास्त निघाले आहेत. पहाटे घाटातून बस आणणाऱ्या चालकाचा प्रश्न चाळीस प्रवाशांचाही प्रश्न असतो. शिवाय यंत्र हा एकच मार्ग नाही. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू बंद करणे, जबडा पुढे धरणारे दातांचे साधन, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, असे पर्याय तीव्रतेनुसार आहेत. लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र विकार असलेल्यांसाठी टिर्झेपाटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

स्लीप अ‍ॅप्निया हा सामान्य विकार आहे. तो जाडांना होतो आणि बारक्यांनाही, पुरुषांना होतो आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना जवळपास तितकाच, आणि ज्यांना तो आहे त्यांतल्या बहुतेकांना तो ठाऊक नाही. ज्या घरात कोणी जोराने घोरते, मध्येच गप्प होते आणि घुरका देऊन श्वास घेते, त्या घरातल्यांनी फोनवर दोन मिनिटांचा आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवावा. रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा हृदयाचा रुग्ण असूनही झोपेबद्दल कधी विचारले गेले नसेल, तर पुढच्या भेटीत स्वतःच विषय काढावा आणि स्लीप स्टडीची गरज आहे का ते विचारावे. बऱ्याच रुग्णांत ती तपासणी आता एका रात्रीत, घरच्या अंथरुणावर होते.